किरकोळ त्रुटी

सोमवार, दिनांक १० मार्च २०२५ रोजी सकाळी साडेदहा वाजता, लखनौ शहराच्या अलीगंज विभागात, ‘सह्यवैद्य डायग्नॉस्टिक्स’ या पुण्याच्या कंपनीच्या उत्तर विभागीय कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावरील खिडकीलगतच्या मेजापाशी, वार्षिक सायबर सुरक्षा आरोग्यतपासणीत एक किरकोळ त्रुटी आढळली. प्रशासकीय अधिकारी श्री. नंदकुमार सातपुते यांच्या कीबोर्डखाली पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी सापडली. तपासणीस : श्री. निरंजन बोडस. साक्षीदार : विभागीय व्यवस्थापक श्री. इंद्रजित माथुर. अहवालात एवढेच नमूद आहे, आणि जे नमूद आहे ते अक्षरशः खरे आहे.

नमूद नाही ते असे, की ती चिठ्ठी त्याच दिवशी सकाळी दहा वाजता, माथुरांच्या सांगण्यावरून, सातपुत्यांनी स्वतः लिहून कीबोर्डखाली सरकवली होती. आणि असे करण्याचे त्यांचे हे चौथे वर्ष होते.

या प्रकाराला मूर्खपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यामागे तर्क होता, आणि तो मुळीच कच्चा नव्हता. चार वर्षांपूर्वी लखनौ कार्यालयाचा तपासणी अहवाल निर्दोष म्हणून पुण्याला गेला, तेव्हा मुख्य कचेरीने तो एका ओळीच्या शेऱ्यासह परत पाठवला : ‘एकही त्रुटी नसेल तर तपासणी झाली असे कसे मानावे?’ दुसऱ्यांदा तपासणी करावी लागली. माथुरांनी त्या ओळीतून योग्य तो बोध घेतला. अहवालात एक त्रुटी असली पाहिजे. ती कागदावर खरी ठरली पाहिजे. कार्यालयात तिने कोणाचे काही बिघडता कामा नये. आणि ज्याच्या नावावर ती लागेल त्याने आरडाओरडा करता कामा नये. पहिल्या तिन्ही अटी चिठ्ठीने पुऱ्या होत होत्या. चौथीसाठी सातपुते होते.

सातपुते मूळचे मिरजेचे. वय एक्कावन्न. तीन वर्षांसाठी म्हणून त्यांना लखनौला पाठवण्यात आले, त्याला आता नववे वर्ष चालू होते. प्रत्येक मार्चमध्ये ते चिठ्ठी लिहीत, त्रुटी मान्य असल्याची सही करीत, आणि माथुर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, “अगले साल मिरज, सातपुते जी. हमारी ज़िम्मेदारी.” यात माथुर खोटे बोलत असे म्हणणे अन्यायाचे होईल. चहा विचारावा तसे ते वचन विचारीत. समोरच्याने ते खरेच घेऊन प्यावे अशी त्यांची अपेक्षा नसे.

या वर्षी मात्र मिरज खरोखरच आली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस तिथल्या केंद्राच्या व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली आणि पुण्याहून सातपुत्यांच्या नावाचा बदलीचा हुकूम निघाला. तीस एप्रिलपर्यंत रुजू व्हावे, अन्यथा हुकूम आपोआप रद्द होईल. खाली बारीक अक्षरांत एक अट होती : ज्या कर्मचाऱ्याच्या नावावर सुरक्षा तपासणीतील त्रुटी निकाली निघालेली नसेल, त्यास कार्यमुक्त करू नये.

म्हणून दहा मार्चला सकाळी सातपुते माथुरांच्या केबिनमध्ये गेले, ते हुकूम हातात धरूनच.

“सर, इस बार मेरा नाम मत दीजिए.”

“अरे, मुबारक हो!” माथुर उठून उभे राहिले. “और मिठाई? बिना मिठाई के ख़बर सुनाने आए हैं आप?”

“सर, यह नीचे वाली शर्त—”

“पढ़ी है, पढ़ी है. बैठिए तो.” माथुरांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. “अब आप ही बताइए, किसका नाम दूँ? रिसेप्शन वाली बच्ची का? वह रो देगी. वर्मा का? वह कल ही वकील ले आएगा. आप तो घर के आदमी हैं.”

“पर सर, अगर क्लोज़ नहीं हुआ—”

“महीने भर में बोडस जी दोबारा देखने आएँगे, क्लोज़ कर देंगे. पंद्रह-सोलह अप्रैल. तीस में पूरे चौदह दिन बचते हैं. इतने में तो आदमी हज करके लौट आए.” ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आख़िरी बार. मेरे लिए.”

सातपुत्यांनी चौदा दिवसांचा हिशेब मनात दोनदा करून पाहिला. तो बरोबर होता. ते बाहेर आले आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली. वर कर्मचारी क्रमांक, खाली पासवर्ड. पासवर्ड म्हणजे मिरजेचे नाव आणि त्यापुढे मिरजेचा पिनकोड. अक्षर नेहमीप्रमाणे सुवाच्य.

बोडस साडेदहाच्या ठोक्याला आले. हे गृहस्थ लखनौच्याच तेलीबागेत वाढलेले. वडील हवाई दलातून तिथेच निवृत्त झाले. त्यांची मराठी घरातली आणि हिंदी शाळेतली, आणि दोहोंची सरमिसळ त्यांच्या लक्षातही येत नसे. वागण्यात अतिशय काटेकोर. इतके, की त्यांच्या बॅगेतल्या पेन्सिलींची टोकेही एकाच बाजूला असत.

“काय सातपुते, यंदाही तुम्हीच का? अच्छा है. ओळखीचं दुखणं बरं असतं.”

त्यांनी कीबोर्ड उचलला, चिठ्ठी पाहिली, आणि मग खुर्ची ओढून सातपुत्यांच्याच संगणकावर तो क्रमांक आणि तो पासवर्ड टाकून पाहिला. पडद्यावर उत्तर विभागातल्या सगळ्या केंद्रांचे रुग्ण-अहवाल उघडले.

“चालतोय,” बोडस समाधानाने म्हणाले.

“चालणारच की. माझाच आहे.”

“नाही, विचारलेलं बरं. खोटा पुरावा मी घेत नाही. चिठ्ठीवर बनावट पासवर्ड असेल, तर मग ते नाटक झालं ना!”

आणि त्यांनी छायाचित्र घेतले. चिठ्ठी, उचललेला कीबोर्ड, शेजारी कंपनीचे चिन्ह असलेला चहाचा मग. सातपुत्यांनी सही केली. सहीवरच्या छापील ओळीत ‘मला यापूर्वी समज देण्यात आली आहे’ असे होते. तीही चार वर्षे तीच होती.

“आता बदलून टाकतो पासवर्ड,” सातपुते म्हणाले.

“यंदा नका बदलू. पुण्याची नवी पद्धत आलीय. फेरतपासणीत मला चिठ्ठी जागेवर दिसली पाहिजे, आणि मग माझ्यासमोर तुम्ही ती फाडून पासवर्ड बदलायचा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. त्याशिवाय क्लोज़ होत नाही. सोळा एप्रिलला येतो.”

“तोवर असाच ठेवायचा?”

“तुमच्या कीबोर्डखाली कोण हात घालणार आहे, यार?”

जानकीपुरममधल्या सातपुत्यांच्या भाड्याच्या घरात नऊ वर्षांत पडदे लागले नव्हते. जायचेच आहे, तर खिडक्यांच्या मापाने पडदे शिवून पैसे कशाला घालवायचे, असे त्यांच्या पत्नी सरोज पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. तेव्हापासून खिडक्यांवर जुन्या चादरी होत्या. कपाट घेतले नव्हते; कपडे बॅगांत होते. मुलगी अवनी तिथेच दुसरीतून अकरावीत गेली. तिला मराठी सगळी समजे, पण ती उत्तर हिंदीतच देई. मिरज तिच्या लेखी उन्हाळ्याच्या सुटीतले एक गाव होते.

 हुकूम आला त्या संध्याकाळी सरोजनी बाल्कनीतली खोकी आत आणली, झटकली, आणि भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

“अजून दोन महिने आहेत,” सातपुते म्हणाले.

“असू देत. यावेळी तरी कागद आलाय ना? शब्द नाही, कागद.” मग, “तो कूलर न्यायचा नाही हं. मिरजेला काय करायचाय? खालच्या कांचनभाभींना देऊन टाकते. त्यांच्या सासूबाईंचे हाल होतात उन्हाळ्यात.”

“एप्रिलमध्ये लागेल की.”

“एक महिना काढू तसाच.”

कूलर दुसऱ्याच दिवशी खाली गेला. चिठ्ठीबद्दल सातपुते घरी काही बोलले नाहीत. गेल्या तीन वर्षांतही बोलले नव्हते. त्यात सांगण्यासारखे काही आहे, असे त्यांना कधी वाटले नव्हते.

शनिवार, एकोणतीस मार्चला गोमतीनगरमधल्या एका हॉटेलात व्यापारी मंडळींसाठी बोडसांचे व्याख्यान झाले. विषय : उद्योगांनी वर्षातून एकदा सायबर आरोग्यतपासणी का करून घ्यावी. सव्वाशे-दीडशे माणसे होती. चिकन भरतकामाच्या कपड्यांचे निर्यातदार, औषधांचे घाऊक विक्रेते, दोन खाजगी शाळांचे चालक. माथुरांना निमंत्रण होते आणि ते सातपुत्यांना सोबत घेऊन गेले. “चलिए, खाना अच्छा होता है वहाँ.”

बोडस बोलतात चांगले. पाऊण तास त्यांनी सभागृहाला घाबरवले आणि मग, जेवणाआधी हसवावे म्हणून, शेवटच्या भागात काही छायाचित्रे दाखवली. शीर्षक होते : ‘हे रुग्ण वाचत नाहीत’. पहिल्या चित्रात संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेला कागद. दुसऱ्यात भिंतीवर खडूने लिहिलेला पासवर्ड. तिसरे चित्र आले तेव्हा सातपुत्यांनी आधी मग ओळखला.

चित्र भिंतभर होते. चित्राखालच्या ओळीतले नाव काळ्या पट्टीने झाकले होते. चिठ्ठी झाकलेली नव्हती. क्रमांक, मिरज, पिनकोड. सुवाच्य अक्षर हातभर उंचीचे झाले की मागच्या रांगेतल्या चष्मा नसलेल्या माणसालाही वाचता येते.

“यह सज्जन,” बोडस ध्वनिक्षेपकावर म्हणाले, “चार साल से पकड़े जा रहे हैं. हर साल समझाता हूँ. हर साल वही कीबोर्ड, वही परची. डॉक्टर थक गया, मरीज़ नहीं थका!”

सभागृह हसले. सातपुत्यांच्या मागच्या रांगेतून कोणी तरी मोठ्याने म्हणाले, “यह मिरज कौन है भाई? इनकी पुरानी वाली?” मग पुन्हा, आधीपेक्षा जोराने हशा पिकला. माथुरांनी हसता हसता सातपुत्यांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि त्यांच्याकडे पाहिले.

सातपुतेही हसले.

त्या हसण्याचे समर्थन करता येईल. भर सभेत ज्याची थट्टा चालली आहे, त्याने हसून ती आपली नव्हे असे दाखवावे, याहून स्वाभाविक काय? पण समर्थन करता येणे आणि निर्दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आणि सातपुते नुसते ओठांनी हसले नाहीत. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून, मान हलवून, ‘काय एकेक माणसे असतात’ अशा अर्थाने हसले.

जेवणाच्या वेळी त्यांनी बोडसांना एका बाजूला गाठले.

“बोडससाहेब, चिठ्ठी झाकायची राहिली.”

“हाँ? अरे हो, नाव झाकलं होतं मी.”

“नाव झाकलंत, पण नंबर आणि पासवर्ड दिसत होता. आणि मगवर कंपनीचं चिन्ह. मी बदलतो आजच.”

“आज बदललात, तर सोळा तारखेला मी कशाचा फोटो घेऊ? मग ती त्रुटी पुढच्या मार्चपर्यंत उघडीच राहील. बघा तुम्ही. मिरजेचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा.” बोडसांनी बशीत कबाब घेतला. “इथं सगळे जेवायला आलेत हो. पिनकोड पाठ करायला नाही.”

सोमवारी सातपुत्यांनी माथुरांनाही विचारले. माथुर म्हणाले, “पंद्रह-सोलह दिन की बात है. आप जैसा ठीक समझें.” आणि वर, अत्यंत आपुलकीने, “भाभी जी ने सामान बाँध लिया?”

म्हणजे बदलू नका असे माथुरांनी सांगितले नाही. बदला असेही नाही. निर्णय सातपुत्यांच्या हातात राहिला. रोज सकाळी संगणक सुरू करताना त्यांचे बोट त्या खुणेपाशी जाई, जिच्यावर दाबले की पासवर्ड बदलण्याचे पान उघडते. अकरा हजारांवर माणसांच्या रक्ता-लघवीचे निष्कर्ष त्या पासवर्डच्या मागे होते, हे त्यांना माहीत होते. एका पारड्यात ती अकरा हजार अनोळखी माणसे होती आणि दुसऱ्यात खोक्यांत भरलेली भांडी. ते रोज बोट मागे घेत.

सात एप्रिलला, म्हणजे फेरतपासणीला नऊ दिवस उरले असताना, अलीगंज कार्यालयाचा दूरध्वनी सकाळी नऊला वाजू लागला, तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. कोणी तरी रुग्णांना फोन करीत होते. त्यांच्या साखरेचा आकडा त्यांना सांगत होते, मूत्रपिंडाचा निष्कर्ष वाचून दाखवीत होते, आणि मग औषधे विकत होते. जानकीपुरमच्याच एका घरी फोन मुलीने घेण्याऐवजी भेटीला आलेल्या तिच्या होणाऱ्या सासूने घेतला. मुलीने स्वतःच्या आईलाही न सांगितलेली गोष्ट त्या बाईंना एका अनोळखी आवाजाने तपशीलवार सांगितली. ते लग्न मोडले. मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी कार्यालयात आले, कोणाला काही न बोलता स्वागतकक्षातल्या खुर्चीवर दुपारपर्यंत बसले, आणि निघून गेले. सातपुते त्यांना ओळखत होते. एकाच भाजीवाल्याकडून दोघे भाजी घेत.

कोणत्या क्रमांकाने आत शिरून अहवाल उतरवले गेले, हे शोधायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

पुण्याने एकसदस्य चौकशी नेमली. सदस्य म्हणून, या कार्यालयाची व्यवस्था ज्यांना चार वर्षे माहीत आहे असे श्री. निरंजन बोडस. सातपुत्यांनी अकरा पानी निवेदन लिहिले, तारखांसह, वेळांसह, कोण कोठे उभे होते यासह. त्यात काही लपवले नाही. एकोणतीस मार्चचे पान त्यांनी तीनदा लिहून काढले.

सुनावणी मंगळवारी, तेरा मे रोजी होती. उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे ज्येष्ठातला पहिला मोठा मंगळवार, मारुतीचा. अलीगंजात त्या दिवशी दर पन्नास पावलांवर मांडव असतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-भाजी, बुंदी, सरबत असे हाताला धरून दिले जाते. मारुतीच्या देवळाकडचा रस्ता बंद होता. कार्यालयाच्या खालीच एक मांडव पडला होता आणि त्याचे कर्णे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर रोखलेले होते.

सुरुवातीला, इतर यायच्या आधी, बोडस सातपुत्यांशी मराठीत बोलले.

“मराठी माणूस म्हणून सांगतो. हे व्याख्यानाचं पान काढून टाका. तुमचंच नुकसान आहे त्यात.”

“ते खरं आहे, बोडससाहेब.”

“खरं आहे की नाही हा प्रश्न नाही. सिद्ध कसं करणार?”

“तुमच्या व्याख्यानाची फाइल आहे की.”

“आहे ना.” बोडसांनी ती फाइल उघडली. तिसऱ्या चित्रात नावावर पट्टी होती, क्रमांकावर पट्टी होती, पासवर्डवर पट्टी होती. मगसुद्धा कापलेला होता. “तारीख पाहा. अठ्ठावीस मार्च.”

तारखा तपासणे हा ज्याचा व्यवसाय, त्याला एक तारीख बसवणे अवघड नसते. पण हे वाक्य सातपुत्यांना उच्चारता येण्यासारखे नव्हते. चौकशी करणाऱ्यावर चौकशी करणाऱ्यापुढे आरोप करण्याची तरतूद नियमांत नाही. ते म्हणाले, “ही फाइल नंतरची आहे.”

“लिहून घेतो,” बोडस म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच लिहून घेतले.

मग माथुर आले. पुण्याहून पडद्यावर विधी विभागाच्या देविका मॅडम आल्या. निवेदन वाचले गेले. चिठ्ठी सांगण्यावरून लिहिली, हा सातपुत्यांचा मुद्दा आला, तेव्हा माथुरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख होते.

“मैं इनकी बहुत इज़्ज़त करता हूँ, मैडम,” ते म्हणाले. “घर का आदमी माना है. पर मैं अपने ही दफ़्तर में चोरी से परची रखवाऊँगा? चार साल के दस्तख़त हैं. हर साल लिखा है कि समझाया गया. अब मैं क्या कहूँ, मुँह नहीं खुलता.”

“सातपुते,” देविका मॅडम म्हणाल्या, “सह्या तुमच्या आहेत?”

“हो. पण—”

“आणि पासवर्ड बदलू नका, असं कोणी लेखी सांगितलं होतं?”

“तोंडी. बोडससाहेबांनी.”

“माझ्या अहवालात,” बोडस शांतपणे म्हणाले, “पहिलीच शिफारस ‘पासवर्ड तात्काळ बदलावा’ अशी आहे. छापील आहे ती. सगळ्यांनाच असते.”

“आणि तुमचं म्हणणं, की भर सभेत पासवर्ड दाखवला गेला,” देविका मॅडमनी पान उलटले. “माथुरजी, आप वहाँ थे?”

“था, मैडम. साथ ही बैठा था इनके. तस्वीर आई थी कोई, परची-वरची की. उसमें क्या लिखा था, मुझे तो ध्यान नहीं.” ते थांबले. मग, आठवेल तेवढे प्रामाणिकपणे सांगावे अशा सुरात म्हणाले, “इतना याद है कि सातपुते जी ख़ूब हँस रहे थे. सबसे ज़्यादा यही हँस रहे थे.”

 खाली कर्ण्यावर कोणी तरी ‘प्रसाद लेते जाइए’ असे ओरडत होते.

“हे खरं आहे?” देविका मॅडमनी विचारले.

सातपुत्यांना नाही म्हणता आले असते. त्या सभागृहातल्या दीडशे माणसांपैकी एकालाही त्यांचा चेहरा आठवत नसणार. पण ज्या माणसाने अकरा पानांत काही लपवले नाही, त्याने बाराव्या पानावर खोटे सांगावे कसे?

“हो,” ते म्हणाले.

“स्वतःचा पासवर्ड भिंतीवर दिसत असताना?”

“हो.”

“मग एक तर तो दिसत नव्हता, किंवा तुम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं,” देविका मॅडम म्हणाल्या. “दोन्हींत तुमचा बचाव होत नाही.”

आदेश दुपारी साडेतीनला वाचला गेला. सातपुत्यांना निलंबित करण्यात येत आहे. पोलिसांचा तपास पूर्ण होईपर्यंत निर्वाहापुरते अर्धे वेतन मिळेल. या काळात राजीनामा स्वीकारला जाणार नाही. मिरजेचा बदलीचा हुकूम तीस एप्रिललाच रद्द झाला आहे. निलंबनकाळात मुख्यालय लखनौ राहील आणि लेखी परवानगीवाचून ते सोडता येणार नाही.

“किती दिवस?” सातपुत्यांनी विचारले.

“तपासाला मुदत नसते,” देविका मॅडम म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

माथुर त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले. त्यांनी स्वतः दार धरले. “कोई भी ज़रूरत हो, सातपुते जी, संकोच मत कीजिएगा. यह दफ़्तर आपका है.” मग क्षणभर विचार करून, “बस, आई-कार्ड नीचे गार्ड को देते जाइएगा.”

खाली मांडवातल्या एका माणसाने त्यांना अडवले, हातात सरबताचा पेला दिला, वर द्रोणात बुंदी घातली, आणि ‘और लीजिए, और लीजिए’ म्हणत दुसरा पेलाही दिला. ते दोन्ही हातांत पेले, एकावर द्रोण, असे भर उन्हात रिक्षा शोधत राहिले.

जानकीपुरमच्या घरात दुपारी चारला बेचाळीस अंश होते. पंखा गरम हवा फिरवत होता. खालून कांचनभाभींच्या सासूबाईंच्या खोलीतल्या कूलरची घरघर वर ऐकू येत होती. खोकी भिंतीला लागून रचलेली होती. गेले महिनाभर सरोज रोज लागेल तेवढे एकेक भांडे त्यांतून काढीत आणि घासून परत गुंडाळून ठेवीत. बदली थोडी लांबली आहे, एवढेच सातपुत्यांनी घरी सांगितले होते.

सातपुत्यांनी सगळे सांगितले. पहिल्यांदाच, चार वर्षांपूर्वीच्या त्या परत आलेल्या अहवालापासून. सरोज जमिनीवर बसून ऐकत होत्या.  अवनी दारात उभी होती.

“मतलब हम यहीं रहेंगे?” तिने विचारले. तिच्या आवाजात सुटका होती, आणि ती लपवण्याइतकी ती मोठी झाली नव्हती. “पापा, तो अब परदे लगवा लें? खिड़की से बहुत धूप आती है.”

“आत जा,” सरोज म्हणाल्या. ती गेली.

मग त्यांनी खिडकीवरच्या चादरीकडे पाहिले.

“त्या पोरीच्या बापाला तुम्ही ओळखता,” त्या म्हणाल्या. “मीही ओळखते. तिच्या आईनं परवा भाजीवाल्याकडं मला पाहून तोंड फिरवलं. मला वाटलं, उन्हामुळं.”

“सरोज, मी मुद्दाम नाही केलं. मिरजेसाठी—”

“मिरजेचं नाव नका घेऊ.” मग आवाज न चढवता त्यांनी विचारले, “तो माथुर म्हणाला ते खरं? तुम्ही हसलात?”

“सगळे हसत होते.”

“सगळ्यांचं नाही विचारलं. भिंतीवर मिरज लिहिलेलं होतं, ती कोणाची कोण म्हणून लोक विचारत होते. तेव्हा तुम्ही हसलात?”

“हसलो.”

सरोज उठल्या. त्यांनी वरचे खोके उघडले, वर्तमानपत्रातून पातेले सोडवले, कुकर सोडवला, चहाचे भांडे सोडवले, आणि एकेक करून सगळे ओट्याखालच्या फळीवर, नऊ वर्षांपूर्वीच्या जागी मांडले. रिकामे खोके पायाने चेपून सपाट केले.

“मग झालं ते योग्य झालं,” त्या म्हणाल्या.